सोंगाड्याचा विनोद आणि कागदावरची कात्री

संस्कृत काव्यशास्त्राने अश्लीलता हा काव्यदोष मानला आणि लज्जा, किळस व अमंगल यांपैकी ज्या भावनेची सूचना शब्दांतून होते तिच्यावरून त्याचे तीन प्रकार केले. मात्र ‘ग्राम्य’, म्हणजे अडाणी वळणाचा शब्द, हा त्याहून वेगळा दोष ठरवून हलक्या पात्राच्या तोंडी तोच शब्द गुण ठरतो, असेही मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त नोंदवून ठेवले. शब्द कोण, कोणापुढे आणि कोणत्या प्रसंगी उच्चारतो यावर त्याचा निवाडा अवलंबून असतो, ही जाण त्यामागे आहे. तमाशाच्या वाट्याला आलेल्या बहुतेक टीकाकारांमध्ये ती आढळत नाही.

तमाशात चावट बोलण्याला ठरलेली जागा असते. गणाने आरंभ झाल्यावर गवळण येते, तीत मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गौळणींची वाट कृष्ण आणि पेंद्या अडवतात, आणि गौळणींची म्होरकी असलेली ‘मावशी’, जी पुरुषच लुगडे नेसून वठवतो, देवालाही उलट उत्तरे देते. पुढे बतावणीत, म्हणजे मुख्य कथा किंवा वग सुरू होण्यापूर्वीच्या सवालजवाबात, सोंगाड्या, म्हणजे फडातला विनोदी नट, एका वाक्यातून दोन अर्थ काढतो; त्यांतला सोवळा अर्थ तो स्वतः बोलतो आणि दुसरा प्रेक्षकाच्या मनात उमटेपर्यंत साळसूद चेहऱ्याने थांबतो, त्यामुळे दोष द्यायचाच झाला तर तो ऐकणाऱ्याकडे जातो. याच आडोशाने पाटील, सावकार आणि फौजदार यांचीही खिल्ली उडवता येत असे, आणि ही सोय फडाला चांगली ठाऊक होती.

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांत मुंबई प्रांताचे मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्या सरकारने तमाशावर बंदी घातली, आणि पुढे वगाची संहिता आधी तपासून घेण्याच्या अटीवर खेळांना वाट मोकळी झाली. परंतु ज्याला फडात ‘हजरजबाब’ म्हणतात तो उत्स्फूर्त विनोद संहितेत नसतोच. तो आवाजाच्या हेलात, भुवईत आणि समोरच्या गर्दीत असतो, त्यामुळे कागदावर चालवलेली कात्री बहुधा निरुपद्रवी वाक्यांवरच चालली असणार. वसंत सबनीस यांचे ‘विच्छा माझी पुरी करा’ १९६५ साली रंगभूमीवर आले तेव्हा दादा कोंडके यांनी रोजच्या राजकारणावर आयत्या वेळी केलेल्या कोट्या हेच त्या लोकनाट्याचे मोठे आकर्षण ठरले, आणि ज्या सुशिक्षित वर्गाने तमाशाला नावे ठेवली होती तोच वर्ग तिकीट काढून हसू लागला.

कोंडके यांच्या १९७१ च्या ‘सोंगाड्या’ चित्रपटापासून हा विनोद पडद्यावर गेला आणि अफाट चालला, तरी कॅमेऱ्यासमोर प्रेक्षकाचा प्रतिसाद नसल्याने द्वयर्थाची लवचीकता हळूहळू आटली आणि नंतरच्या चित्रपटांत तो ठोकळेबाज झाला. अर्थात जुन्या फडाचा विनोदही निर्मळ नव्हता, कारण त्याचा भार पुष्कळदा नाचणाऱ्या स्त्रीवर पडे. रात्री तिच्यावर दौलतजादा करणारे, म्हणजे पैसे उधळणारे, प्रतिष्ठित दिवसा तिला आणि ज्या दलित व भटक्या जातींतून ती आली त्यांना दूर ठेवत, आणि हा दांभिकपणा कोणत्याही चावट शब्दापेक्षा अधिक अश्लील होता.

छापील वग वाचून तमाशाच्या विनोदाची कल्पना येत नाही, म्हणून अभ्यासकांनी आज हयात असलेल्या सोंगाड्यांच्या बतावण्या, त्यांतला एकही शब्द न गाळता, ध्वनिमुद्रित करून ठेवाव्यात.