गाठींचे कुलूप आणि बदलीचे कार्ड

बँकेत असताना लालबाग-परळच्या गिरण्यांची कर्जखाती माझ्या टेबलावरून जात. कापसाच्या गाठी तारण ठेवल्या की गोदामाला बँकेचे कुलूप लागे. मालकाला त्यात अपमान वाटत नसे. विश्वास कुठवर आणि कुलूप कुठून, हे कागदावर ठरलेले असे. त्याच गिरणीतला बदली कामगार कर्जाला आला की मात्र आम्ही विचारायचो, “कायम आहात का?” पंधरा वर्षे बदलीत काढलेला माणूस खाली बघे. असे अर्ज मी परत केले आहेत, एकदा नव्हे.

बदली म्हणजे काय, हे आता सांगावे लागते. पाळीच्या आधी गेटवर उभे राहायचे; कोणी कायम कामगार गैरहजर असला तर काम, नाहीतर आल्या वाटेने घरी.

१९८२ च्या संपाची चर्चा डॉ. दत्ता सामंतांच्या हट्टापाशी नाहीतर मालकांच्या लोभापाशी संपते. त्यात तथ्य असेलही. पण १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने कामगारांच्या वतीने बोलण्याचा हक्क एकाच संघटनेला, राष्ट्रीय मिल मजदूर संघाला, मिळाला होता. बोनसच्या प्रश्नावरून कामगार तिच्यापासून तुटले आणि सामंतांकडे गेले. मालक जिच्याशी बोलत तिला कामगार मानीत नव्हते. कामगार ज्याला मानीत त्याच्याशी मालक बोलत नव्हते. १८ जानेवारीला सुमारे अडीच लाख माणसे बाहेर पडली. तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. घेणार कोण, आणि कोणाशी बोलून?

गिरणगावात विश्वासाचा खरा व्यवहार खानावळीत चाले. गावाहून एकट्या आलेल्या कामगाराला बाई महिनाभर जेवू घाली, पैसे पगार झाल्यावर. उद्या काम आहे की नाही हे गिरणी ज्याला सांगत नसे, त्याला तिची उधारी मिळे. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढून या बायकांना बँकांची दारे उघडून दिली, तेव्हा आमच्यातले काही साहेब हसले होते: तारण काय देणार? संपात सर्वांत आधी बुडाली ती याच बायकांची उधारी.

परवा परळला, गिरणीच्या जागी उभ्या राहिलेल्या एका टॉवरखाली रखवालदाराशी बोलत होतो. “तुमचे साहेब कोण?” असे विचारले.

“कुठले, काका? एजन्सीचे की इथले?”