विश्लेषण : सुटकेनंतर देव कोणी निवडायचा?

मिरारोड, काशिमीरा परिसरातल्या लॉजवर छापा, तरुणींची सुटका... ही बातमी मिरा-भाईंदरकरांना नवी नाही. पण पुढे काय? सुटका झालेली तरुणी न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर आणि तिथून अनेकदा सुधारगृहात जाते. तिथे समुपदेशनाबरोबर कुठे भजन, कुठे प्रार्थना, कुठे ध्यानही असते. याचा उपयोग होतो का?

श्रद्धा आधार कशी देते?
‘आपण बाटलो, घरचे स्वीकारणार नाहीत’ ही भावना कोर्टाच्या कागदाने जात नाही. आईने शिकवलेली आरती किंवा नमाज पुन्हा सुरू होते, तेव्हा विक्रीआधीचे आयुष्य थोडे हाती लागते.

मग अडचण कुठे?
श्रद्धा बेडीही असते. यल्लमाला ‘सोडलेल्या’ अनेक मुली मुंबईच्या वेश्यावस्तीत पोहोचल्या. देवदासी प्रथेविरुद्ध 1934 मध्ये मुंबई प्रांतात आणि 2005 मध्ये महाराष्ट्रात कायदा झाला. नायजेरियातून युरोपात नेल्या जाणाऱ्या तरुणींना दलाल देवतेपुढे शपथ घालत. पळाल्यास शाप लागेल, ही भीती. 9 मार्च 2018 रोजी बेनिनचे पारंपरिक राजे एवारे दुसरे यांनी या शपथा रद्द ठरवल्या. श्रद्धेने घातलेली गाठ तिथे श्रद्धेनेच सोडवली.

महाराष्ट्राचा अनुभव काय?
पंडिता रमाबाईंनी 1889 मध्ये विधवांसाठी शारदा सदन काढले. 1893 मध्ये धर्मांतराच्या आरोपावरून मोठा वाद पेटला. निराधार बाईला आसरा देणारा तिच्या धर्मावर हक्क सांगू शकतो का, हा तेव्हाचा प्रश्न आजच्या सुधारगृहालाही लागू आहे.

कायदा काय सांगतो?
घटनेचे कलम 25 प्रत्येकाला सद्सद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य देते. सप्टेंबर 2020 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तीन तरुणींना सुधारगृहात ठेवण्याचे आदेश रद्द केले. त्या सज्ञान आहेत, त्यांची इच्छा विचारात घ्यायला हवी होती, असे न्यायालयाचे म्हणणे होते. राहण्याबाबत इच्छा विचारायची, तर प्रार्थनेबाबत का नाही?

उपाय काय?
नियम साधा हवा. प्रार्थना ऐच्छिक. न येणारीचे जेवण, प्रशिक्षण किंवा घरी जाण्याचा अहवाल अडणार नाही. नमाज, चर्च, बुद्धवंदना किंवा यातले काहीच नको, हेही चालेल. आणि भजन हा समुपदेशकाला पर्याय नाही. आजवर तिच्यासाठी सगळे दुसऱ्यांनीच ठरवले. निदान हात कोणापुढे जोडायचे, हे तिला ठरवू द्यावे.