पाती गेली, पायचक्कीही गेली

ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेन शहरात विकहॅम टेरेस या रस्त्यालगत जाड भिंतींचा, वर निमुळता होत गेलेला एक मनोरा आहे. तो पवनचक्की म्हणून ओळखला जातो, पण त्याला पाती नाहीत. १८२८ मध्ये मोरटन बे इथल्या इंग्रजांच्या कैदी वसाहतीत तो कैद्यांकडून बांधून घेण्यात आला. कैद्यांनी उभारलेल्या दोनच इमारती ब्रिस्बेनमध्ये आज उरल्या आहेत. त्यांतली ही एक.

काम होतं वसाहतीसाठी गहू आणि मका दळण्याचं. वारा पडला की कैदी वारा व्हायचे. मनोऱ्याला पायचक्की जोडलेली होती. आडव्या फळ्यांच्या फिरत्या चाकावर कैद्यांची रांग उभी करायची. पायाखालची फळी खाली जाई, की लगेच वरच्या फळीवर पाय टाकायचा, आणि हे तासन् तास. वारा असला तरी शिक्षा म्हणून माणसं चाकावर चढवली जातच. १८२९ मध्ये मायकेल कॉलिन्स हा कैदी या यंत्रात सापडून मेला. अंदमानच्या कोलूविषयी वाचलेल्या मराठी माणसाला ही पद्धत परकी वाटणार नाही. धान्य असो वा तेल, दोन्हीकडे खरा हेतू माणूस मोडण्याचाच होता.

३ जुलै १८४१ रोजी याच मनोऱ्यातून बाहेर काढलेल्या तुळईला दोन आदिवासींना फाशी दिली गेली. सर्वेक्षक ग्रॅनव्हिल स्टेपिल्टन आणि त्याच्या सहकाऱ्याच्या खुनाचा त्यांच्यावर आरोप होता. खटला सिडनीत चालला. फाशीसाठी मात्र त्यांना मुद्दाम इथे परत आणलं, इथल्या आदिवासींना दहशत बसावी म्हणून.

पुढे चक्की बंद पडली आणि इमारत पाडण्याचीही वेळ आली होती. तिला वाचवलं ते तिच्या उंचीने. १८६१ नंतर इथून जहाजांसाठी निशाणं लागू लागली, वेळ कळवणारा गोळा खाली सोडला जाऊ लागला, आगीवर नजर ठेवली जाऊ लागली. १९३४ मध्ये थॉमस इलियट आणि डॉ. व्हॅल मॅकडॉवल यांनी इथूनच दूरचित्रवाणीचे प्रयोग केले. अवघ्या ३० रेषांचं ते चित्र इप्सविच गावात दिसलं!

या कामांमुळे मनोरा टिकला, हे मान्यच करायला हवं. पण प्रत्येक नव्या वापराने आधीची एकेक खूण पुसली, आणि पायचक्कीचं आज तिथे काही उरलेलं नाही. नेमकं म्हणूनच वारसा म्हणून मनोरा दाखवताना सुरुवात दूरचित्रवाणीच्या नवलाने होऊ नये. चाकाचा आराखडा, कॉलिन्सचं नाव आणि १८४१ ची ती तारीख दाराशीच, मोठ्या अक्षरांत हवी. क्वीन्सलंडच्या वारसा यादीत हा मनोरा १९९२ पासून आहे. इतक्या वर्षांत निदान एवढं मागणं जास्त नाही.