डब्यातले वाल

तळोज्याला राहतो असे सांगितले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे दोनच गोष्टी उभ्या राहतात, एक तुरुंग आणि दुसरी कारखाने. आमच्या घरामागे भाजी पिकते असे पुढे सांगावे, तर तो आधी माझ्याकडे आणि मग माझ्या जेवणाच्या डब्याकडे संशयाने पाहतो. त्याचा तरी काय दोष? २०१७ च्या ऑगस्टमध्ये येथल्या औद्योगिक वसाहतीत निळी कुत्री हिंडू लागली, तेव्हा त्यांची छायाचित्रे जगभर गेली होती. कासाडी नदीचे नाव पुष्कळांनी तेव्हाच प्रथम ऐकले.

गेल्या दिवाळीत या पानावर मी शिराळ्यांच्या मांडवाविषयी लिहिले, त्यावर एका वाचकभगिनीने मोठा रास्त प्रश्न विचारला : तेथली भाजी तुम्ही खाता तरी कशी? तर ऐका. घरामागची जागा आहे अवघी बारा फूट लांब नि सात फूट रुंद. ताब्यात आली तेव्हा तिच्यात बांधकामाचा डबर आणि सिमेंटची ढेकळेच होती. ती दीड फूट खणून आम्ही बाहेर काढली आणि गावाकडची माती व शेणखत आणून भरले. पाणी घालतो ते नळाचे. माती दूषित असेल तर जड धातू पालेभाज्यांत आणि कंदांत अधिक उतरतात, शेंगांत आणि वेलावरच्या फळांत पुष्कळच कमी. शिवाय आत गेलेले काही धुऊन जात नाही, धुतल्याने जाते ती वरची धूळ. म्हणून माठ-मुळा आम्ही थोडाच लावतो. जागेचा मोठा वाटा शिराळी, पडवळ, भेंडी, कोहळा आणि वाल यांचा. वाळवण गच्चीवर घालतो तेही जुन्या मलमलीखाली.

बाग लहान असली तरी देते तेव्हा एकदम देते, हा तिचा खरा त्रास. श्रावणात पडवळे अशी लोंबू लागतात, की शेजारणी आपल्याला पाहून दार लोटून घेतात. आणि नेमके तेव्हाच उन्हाचा पत्ता नसतो. पनवेलीकडे पाऊस वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या आसपास पडतो. तेवढ्या ओलीत वाळवण कसले, चपलांनासुद्धा बुरशी येते. एका वर्षी हौसेने मी काचेच्या बाटल्या आणल्या, शेंगा उकळून त्यांत बंद करायच्या म्हणून. सुदैवाने आधी चार पाने वाचली. आंबटपणा नसलेली भाजी नुसती उकळून हवाबंद केली तर आत जीवघेणे विष तयार होऊ शकते, आणि ते वासाने ओळखू येईलच असे नाही. बाटल्यांत आता लिंबाचे लोणचे असते.

सासूबाईंना यातले काही वाचावे लागले नव्हते. त्यांचा कोहळा दिवाळीच्या सुमारास उतरतो, देठासकट. वरची पांढरी भुकटी पुसायची नाही, साल खरचटू द्यायची नाही, आणि तो शिंक्यात टांगून विसरून जायचे. चैत्र-वैशाखाचे ऊन येईपर्यंत तो मुकाट्याने थांबतो. मग त्याचा कीस, उडदाची डाळ, मिरची, आणि गच्चीभर सांडगे.

पण मला सांगायचे आहे ते वालांविषयी. सासूबाईंची शेती नव्या मुंबईच्या वसाहतीसाठी गेली. भात कापले की त्याच ओलीवर वाल पेरायचे, ही रायगडातली जुनी रीत. पावसाचा थेंब नाही, पाट नाही, जमिनीत उरलेल्या ओलाव्यावर आणि दवावर तो कडवा वाल वाढतो. पौषात त्याच्या शेंगांची पोपटी लागते, फाल्गुनात दाणा घरात येतो. जमीन गेली तेव्हा त्या घरातून भांडीकुंडी आली आणि त्यांत हा वालांचा एक पत्र्याचा डबा आला. मग कुंडीत, कुंपणाला, जेथे मिळेल तेथे दरवर्षी चार वेल लावून त्यांनी ते बियाणे चालू ठेवले.

तीन वर्षांपूर्वी फाल्गुनात त्या नणंदेकडे नाशिकला गेल्या होत्या. वाल मी काढले, सव्वा किलो भरले. दोन दिवस ऊन दिले, प्लॅस्टिकच्या डब्यात घातले, झाकण लावले आणि उत्तरपत्रिका तपासायला बसले. वर्गात मी जात्यावरच्या ओव्या शिकवते. त्या ओव्यांमधल्या बाया दाणा कसा राखत, हे विचारायचे मला सुचले नव्हते. आषाढात डबा उघडला तर आत पीठ, आणि एकेका दाण्याला गोल भोक. भुंगा बाहेरून येतो असे मला वाटे. तो शेंगेवर शेतातच अंडी घालतो, अळी दाण्यात शिरते, आणि आपण ती दाण्यासकट डब्यात भरतो. दाणा पुरता वाळलेला असता, डबा काठोकाठ भरून घट्ट बंद असता, तर ती वाढली नसती.

सासूबाई परत आल्या. मी डबा पुढे ठेवला. त्यांनी हाताने ते पीठ चाळले, दोन दाणे धड मिळतात का पाहिले, आणि म्हणाल्या, “दाताखाली कट् वाजला होता का?” मी चावून पाहिलेच नव्हते. त्यावर त्या काही बोलल्या नाहीत. रात्री जेवल्याही नाहीत.

दुसऱ्या दिवशी कोजागरीपर्यंत थांबायचे असे त्यांनी ठरवले, का ते सांगितले नाही. कोजागरीनंतर मला म्हणाल्या, “चल,” आणि आम्ही त्यांच्या जुन्या शेजारणीकडे गेलो. रस्त्याकडेला भाजी विकायला बसणारी ही बाई. सासूबाईंनी किती तरी वर्षांपूर्वी तिला ओंजळभर वाल दिले होते, आणि तिने ते बांधावर चालू ठेवले होते. पेरणीआधी राखेतून काढलेले बियाणे तिने समोर ओतले. “तुझेच आहेत गो,” म्हणून पदरात दोन ओंजळी घातल्या. पैसे द्यायला मी पर्स उघडली, तेव्हा दोघींनीही माझ्याकडे असे पाहिले, की मी ती बंद केली.

आता डबा माझ्याकडे असतो. चार-पाच कडक उन्हे, मग सावलीत गार करणे, मग किलोला चमचाभर, म्हणजे पाच मिलीलिटर, गोडे तेल चोळणे. त्याने अंडी मरतात. वर चाळलेली राख. बियाण्याचे भाग तीन : एक आमच्या घरी, एक नाशिकला, एक त्या शेजारणीकडे. बिरड्याचे वाल निराळ्या बरणीत, नाहीतर पाहुणे आले की माझा हात चुकून बियाण्याकडे जायचा.

या वर्षीही वाफा मोकळा करून ठेवला आहे. भाऊबीज झाली की पेरायचे. सासूबाई परवा डबा उघडून एक दाणा तोंडात टाकून गेल्या. आवाज मला स्वयंपाकघरापर्यंत ऐकू आला.