मालाला रस्ता मोकळा झाला, चालकाचं काय?

नाशिककरांना रस्त्याची लढाई नवी नाही. २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला तो दरवाजासाठी. पण ९ एप्रिलला, रथयात्रेच्या दिवशी, दगड पडले ते रथावरून, म्हणजे भर रस्त्यात. रथाच्या दोराला आपला हात लागू नये म्हणून रथच पळवला गेला.

ही आठवण काढायचं कारण मालवाहतूक आहे. "मालवाहतुकीचा आणि आंबेडकरी चळवळीचा काय संबंध?" असं परवा एका कार्यकर्त्यानं मला विचारलं. मित्रहो, संविधानातली दोन कलमं शेजारी-शेजारी ठेवून वाचा. कलम १५(२) सांगतं की विहिरी, तलाव, घाट आणि रस्ते यांच्या वापरावर जातीच्या कारणानं कोणावरही बंधन असणार नाही. कलम ३०१ सांगतं की भारतभर व्यापार आणि दळणवळण मुक्त असेल. एकानं माणसाला रस्ता दिला, दुसऱ्यानं मालाला. त्या मसुदा समितीचे अध्यक्ष बाबासाहेब होते, आणि केंद्र व प्रांत यांच्या करव्यवस्थेवर त्यांनी १९२५ सालीच आख्खा ग्रंथ लिहिला होता. तेव्हा जकात, परमिट, जीएसटी हे 'शेठजींचे विषय' आहेत असं समजून आपण ते सोडून देतो, ही चूक आपली आहे.

कलम ३०१ चं काम सरकारनं मोठ्या उत्साहानं हाती घेतलं, हे मान्य करायलाच हवं. विल्होळीच्या, आडगावच्या नाक्यावर जकातीसाठी लागणाऱ्या रांगा जुन्या चालकांना आठवत असतील. २०१३ मध्ये जकात जाऊन एलबीटी आला, १ जुलै २०१७ पासून जीएसटी लागू झाला. १ एप्रिल २०१८ पासून आंतरराज्य वाहतुकीला ई-वे बिल आलं, फेब्रुवारी २०२१ पासून फास्टॅग सक्तीचा झाला. ५ जून २०२५ ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा उघडला आणि ७०१ किलोमीटरचा रस्ता पुरा झाला. अख्खा देश एक बाजारपेठ झाला. रस्ता तयार, संगणक तयार, मोठे ट्रेलर तयार.

स्टिअरिंगवर बसलेला माणूस तयार केला का? त्याच्यासाठी काय तयार केलं?

आपल्या द्राक्षांचंच बघा. युरोपला जाणाऱ्या द्राक्षाचा हिशोब ग्रेपनेटवर बागेपर्यंत मागे नेता येतो. कोणत्या बागेतला माल, कोणत्या प्रयोगशाळेनं औषधाचे अंश तपासले, सगळं नोंदलेलं असतं. तोच माल थंड कंटेनरमधून न्हावाशेवाला नेणारा चालक आधीच्या किती तासांत झोपलेला नाही, याची नोंद कुठंच नसते. द्राक्षाच्या मण्याला कागदपत्रं आहेत, माणसाला नाहीत.

कायदा नव्हता असं नाही. मोटर परिवहन कामगार कायदा १९६१ चा. दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८ तास, सलग ५ तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती. मोटार वाहन कायद्याचं कलम ९१ त्याच तासांकडे बोट दाखवतं. पण हा कायदा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या मालकालाच लागू होता. म्हणून काय व्हायचं, ते आडगावच्या ट्रक टर्मिनलवर कोणालाही विचारा. दोन गाड्या स्वतःच्या नावावर, दोन बायकोच्या, एक भावाच्या. कागदावर मालक तीन, आणि कायदा एकालाही लागू नाही. आता नव्या कामगार संहितांनी यावर कडी केली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत मोटार वाहतुकीसाठी ही मर्यादा पाचवरून दहा कामगारांवर नेली आहे. ज्या धंद्यात बहुतेक मालक एक-दोन ते पाच-सात गाड्यांचे, तिथं दहाची अट म्हणजे जवळजवळ सगळेच मोकळे. यावर आपल्या किती संघटनांनी निवेदन दिलं? मीही दिलं नाही, प्रामाणिकपणे सांगतो.

युरोपचं उदाहरण आपल्याकडे फार दिलं जातं, तर तेही पूर्ण द्यावं. तिथं सामायिक बाजारपेठ उभी राहात होती तेव्हा, १९६९ मध्येच, चालकांच्या तासांचे सामायिक नियम केले गेले. परदेशी ट्रकला दुसऱ्या देशांतर्गत माल वाहायला पूर्ण मोकळीक मिळाली ती १९९८ मध्ये. आज तिथं दिवसाला साधारण ९ तास गाडी चालवायची मर्यादा आहे, गाडीत बसवलेलं यंत्र ती नोंदवतं, आणि आठवड्याची मोठी विश्रांती केबिनमध्ये घ्यायला बंदी आहे. आधी माणूस, मग बाजार. आपल्याकडे उलटं झालं.

आणि यंत्र नाही म्हणून अडलंय, हे कोणी सांगू नये. ई-वे बिलाला घड्याळ आहेच: २०० किलोमीटरला एक दिवस. १ जानेवारी २०२१ पूर्वी ते १०० किलोमीटरला एक दिवस होतं. ते फास्टॅगशीही जोडलेलं आहे. कोणती गाडी कोणत्या टोलनाक्यावरून किती वाजता गेली, हे सरकारला कळतं. माझा मावसभाऊ मनमाडहून गाडी चालवतो. कांदा भरला की सडायच्या आत पोचवायचा, आणि वाटेत गाडी बंद पडली तर गेलेला वेळ रात्री झोपेतून कापून द्यायचा. एकदा सलग दीड दिवस चालवून तो परत आला, तेव्हा ट्रान्सपोर्टवाल्यानं उशिराचे पैसे भाड्यातून कापले. कर बुडाला तर यंत्र ओरडतं, माणूस झोपेनं कोसळला तर 'चालकाचा ताबा सुटला' एवढीच बातमी येते.

जानेवारी २०२४ आठवा. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(२) मध्ये अपघात करून न कळवता पळून जाणाऱ्या चालकाला १० वर्षांपर्यंत शिक्षा ठेवली, तेव्हा मनमाडजवळच्या पानेवाडीत टँकरचालकांनी चाकं थांबवली आणि पंपांवर रांगा लागल्या. चालक उत्स्फूर्तपणे उतरले होते. पण दिल्लीत गृहसचिवांसमोर बोलणी करायला कोण बसलं? ऑल इंडिया मोटर ट्रान्सपोर्ट काँग्रेस, म्हणजे गाडीमालकांची संघटना. ते कलम तूर्त स्थगित आहे. चालकाच्या बाजूनं बोलणारा माणूस मात्र त्या खोलीत नव्हता.

त्याच मनमाडला फेब्रुवारी १९३८ मध्ये बाबासाहेबांनी जी.आय.पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद घेतली होती. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू, हे त्यांनी तिथं सांगितलं, ते आपण सगळे पाठ म्हणतो. पण त्याच भाषणात त्यांनी बारीक हिशोबही मांडला होता. अस्पृश्य माणूस गँगमन म्हणून राहतो, त्याला पोर्टरसुद्धा करत नाहीत, कारण स्टेशनमास्तर पोर्टरला घरकामाला वापरतो आणि घरात अस्पृश्य कसा चालणार! कोणत्या कामावर कोणत्या जातीला थांबवलंय, हे बघायची ही पद्धत. ती आज वापरून बघा. आपल्या वस्त्यांत क्लीनर सापडतील, हमाल सापडतील, दुसऱ्याच्या गाडीवरचे चालक सापडतील. गाडीमालक किती? बुकिंग ऑफिस चालवणारे किती? शीतगृहवाले किती?

मालक व्हायच्या वाटाही कागदावर आहेत. तेल कंपन्यांच्या टँकर वाहतुकीच्या कंत्राटांत अनुसूचित जाती-जमातींसाठी वाटा राखीव असतो. केंद्राच्या सूक्ष्म व लघुउद्योग खरेदी धोरणात ४ टक्के खरेदी आपल्या उद्योजकांकडून करायची आहे. स्टँड-अप इंडियाचं १० लाख ते १ कोटींचं कर्ज मार्च २०२५ पर्यंतच्या मुदतीचं होतं, आणि राज्य सरकार त्यासाठी १५ टक्के मार्जिन मनी देत होतं. पण राखीव कंत्राटात नाव आपलं आणि गाडी, पैसा, नफा दुसऱ्याचा, हा खेळ नवा नाही. सही करणारे हातही आपलेच असतात. महिना काही हजारांवर नाव भाड्यानं देणाऱ्याला समाजानं एकदा तरी जाब विचारावा.

तेव्हा येत्या १४ एप्रिलच्या वर्गणीतून डीजेचा एक तास कमी करा आणि दोन कामं करा. जिल्ह्यातल्या बँक शाखांनी अनुसूचित जातीच्या किती जणांना वाहतूक व्यवसायासाठी कर्ज दिलं, याचा माहिती अधिकारात अर्ज अग्रणी बँकेकडे टाका. आणि आपापल्या वस्तीतल्या चालकांची यादी करा: नाव, परवाना कोणता, मालकाकडे गाड्या किती, महिन्यात घरी झोपलेल्या रात्री किती. दहाच्या अटीविरुद्ध कामगार आयुक्तांकडे जायचं तर ही यादी हातात लागेल. मनमाड, येवला आणि नाशिकरोडपासून सुरुवात करू. माझ्या मावसभावाचं नाव मी पहिलं लिहून ठेवलंय. शेवटचा रकाना विचारायला फोन केला, तर तो गाडीवर होता.