मादी घरट्यावर, नर समुद्रावर?

हिवाळ्यात दिल्लीत यमुनेच्या घाटांवर कुरव उतरतात. नावेतून शेवेची मूठ भिरकावली की थवा कर्कश ओरडत तुटून पडतो. त्यातल्या दांडग्या पक्ष्याकडे बोट दाखवून कुणीतरी हमखास सांगतं, "तो नर. कमावणारा तोच, मादी अंडी सांभाळते."

हे विधान मुळापासून चुकीचं आहे. इथे दोन जातींचे कुरव मिसळलेले असतात. थंडीत दोघांच्याही डोक्याचा गडद रंग उतरतो आणि डोळ्यामागे डाग तेवढा राहतो. फिकट डोळ्याचा, पंखांच्या काळ्या टोकांवर पांढरे ठिपके असलेला पक्षी तपकिरी डोक्याचा कुरव. तो जातीनेच थोडा मोठा. म्हणजे ज्याला 'नर' म्हटलं, ती कदाचित त्या जातीची मादी असेल! दोन्ही लिंगांचा रंग सारखाच, आणि अंडी उबवणं, पिलं भरवणं हे काम दोघांचं.

याच्या उलट टोकाला जाऊन 'नर-मादीत फरकच नसतो' म्हणणारेही तितकेच चुकतात. वांडरिंग अल्बट्रॉस या समुद्रपक्ष्याचा नर मादीहून सुमारे २० टक्के जड. तो दक्षिणेच्या थंड समुद्राकडे वळतो, मादी उत्तरेच्या उबदार पाण्याकडे. जायंट पेट्रेलचे नर किनाऱ्यावर सील-पेंग्विनच्या मेलेल्या देहांवर ताव मारतात, तर माद्या बहुतेक खुल्या समुद्रात भक्ष्य शोधतात. घरकोंबडी मादी कुठे दिसते यात? आणि सगळं आकारावर ढकलायचं तर स्कॉटलंडच्या बास रॉकवरचे गॅनेट आड येतात. तिथे नर-मादी जवळपास सारख्याच आकाराचे, तरी मादी नरापेक्षा खोल बुडी मारते.

हा फरक जिवावर बेततो. ट्यूनासाठी हजारो गळ लावलेल्या लांब दोऱ्या उबदार पाण्यात सोडल्या जातात. दक्षिण हिंदी महासागरातल्या क्रोझे बेटांवरच्या अल्बट्रॉस माद्या त्यात नरांपेक्षा जास्त बळी पडल्या. ही जात दोन वर्षांतून एकच अंडं घालते. तिथे नुसती डोकी मोजून काय कळणार?

दिल्लीकरांना हे परकं वाटू नये. इथल्या प्राणिसंग्रहालयातल्या तळ्यांवर रानटी चित्रबलाक घरटी करतात. दिल्ली विद्यापीठाच्या अब्दुल जमील उर्फींनी त्यांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. तिथे नर मोठा, त्याची चोचही लांब. पण पिलांसाठी मासे दोघंही आणतात.

म्हणून माझा आग्रह आहे की दर जानेवारीतल्या पाणपक्षी गणनेत जातीनिहाय आकड्यांवर थांबू नये. ओखल्याला किंवा यमुनेवर कुरवांना कडी घालायला पकडलंच, तर रक्ताच्या थेंबावरून डीएनए तपासून लिंग नोंदवावं. आणि नावेतली ती शेव आजच बंद करावी. तळलेलं बेसन हे नराचंही अन्न नव्हे आणि मादीचंही नव्हे.