दुसरी लाथ

परवाच्या रविवारी नातवाची मॅच बघायला गेलो होतो. हल्ली आमच्या भिवंडीतही जाळी लावलेली, खोट्या हिरवळीची मैदानं झाली आहेत. तासावर भाड्याने मिळतात. आमच्या वेळी पावसाळ्यात चिखल आणि उन्हाळ्यात धूळ एवढंच मैदान असायचं. असो.

रेफरी म्हणजे वीस-बावीस वर्षांचा एक काटकुळा पोरगा होता. त्याने आमच्या बाजूच्या विरुद्ध पेनल्टी दिली आणि माझ्या शेजारी उभे असलेले एक पालक जे सुटले, ते काही केल्या थांबेनात. "आंधळा आहेस का? बॉलला लागलाय पाय, बॉलला!" पोरगा काही बोलला नाही. त्याने बोटाने पेनल्टीची खूण दाखवली आणि पाठ फिरवली. त्याच्या मानेवरच्या शिरा मात्र मला दिसत होत्या.

घरी येताना रिक्षात नातू म्हणाला, "आबा, बाबा म्हणत होते तुम्ही पण रेफरी होता. तुम्ही कुणाला रेड कार्ड दिलंय?"

म्हटलं, "एकदा."

"बरोबर होतं का?"

तेवढ्यात रिक्षा खड्ड्यात आदळली आणि मी वाचलो. भिवंडीच्या खड्ड्यांचे उपकार मानायची वेळ आयुष्यात पहिल्यांदाच आली. पण प्रश्न काही गेला नाही. म्हणून आज हे लिहायला बसलो आहे.

माझा विषय मराठी आणि इतिहास. खेळाशी संबंध म्हणाल तर नोकरी लागल्यावर दोन-चार वर्षांत मुख्याध्यापकांनी बोलावून सांगितलं, "तुमच्या वर्गात शिस्त असते, तेव्हा फुटबॉलचे सामने तुम्हीच बघा." शिस्त आणि न्याय या एकच गोष्टी आहेत असं तेव्हा त्यांनाही वाटत होतं आणि मलाही. नियमांची एक इंग्रजी पुस्तिका मिळाली. आमचं बी.ए. मराठी माध्यमातलं, त्यामुळे शेजारी शब्दकोश घेऊन आठवडाभर बसलो. एक शिट्टी विकत घेतली, पुठ्ठ्याची दोन कार्डं कापून रंगवली आणि झालो पंच!

आता थोडं मास्तरकी करतो, माफ करा. माझ्या बहिणी म्हणतीलच, "याचा तास सुरू झाला!"

लोकांना वाटतं फाऊल म्हणजे चूक आणि चूक झाली की कार्ड. तसं नाही. फाऊल आणि गैरवर्तन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फाऊल म्हणजे खेळ चालू असताना, मैदानात, मुख्यतः प्रतिस्पर्ध्याच्या बाबतीत केलेला नियमभंग. त्याची भरपाई म्हणजे फ्री किक, आणि तो स्वतःच्या गोलपुढच्या मोठ्या चौकोनात झाला तर पेनल्टी. गैरवर्तन मात्र केव्हाही होऊ शकतं, खेळ थांबलेला असताना, मध्यंतरात, अगदी शेवटची शिट्टी झाल्यावरसुद्धा. ते पंचाविरुद्ध असू शकतं, आपल्याच संघातल्या सोबत्याविरुद्धही असू शकतं. त्याला कार्ड. गृहपाठ चुकणं वेगळं आणि वर्गात दंगा करणं वेगळं, तसंच हे. कधी नुसता फाऊल असतो, कधी नुसतं गैरवर्तन, कधी दोन्ही एकदम.

मग फाऊल किती मोठा हे कसं ठरवायचं? नियमात तीन पायऱ्या आहेत. अंजूर फाट्यावर उभं राहून बघा, लगेच कळेल. समोर न बघता रिक्षा वळवली, तो निष्काळजीपणा. समोरून गाडी येते आहे हे दिसत असूनही घुसवली, ती बेदरकारी. आणि समोरच्याच्या हाडांची पर्वा न करता अंगावरच घातली, तर तो गरजेपेक्षा जास्त बळाचा वापर. पहिल्यासाठी नुसती फ्री किक. दुसऱ्यासाठी पिवळं कार्ड. तिसऱ्यासाठी लाल. "पण पाय बॉलला लागला ना!" ही सबब त्या शेजारच्या पालकांसारखे कितीतरी लोक देतात, पण ती पुरी पडत नाही. बॉलला पाय लावून पुढे त्याच झपाट्यात समोरच्याची नडगी फोडली तर तो फाऊलच.

हे सगळं पंचाने बघायचं कसं? त्याला शिकवतात की मैदानात साधारण तिरकं धाव, म्हणजे खेळ तुझ्या आणि लाईन्समनच्या मध्ये राहील. दोन खेळाडूंच्या मागे उभं राहिलं तर फक्त पाठी दिसतात. बाजूने बघितलं तर दोघांमधली फट दिसते, आणि फाऊल त्या फटीत असतो. बॉल किती लांब होता, पाय किती उंच होता, बुटाचे खिळे समोर होते का, वेग किती होता, हे सगळं एका सेकंदात टिपायचं. त्यावर आणखी एक अवघड गोष्ट म्हणजे शिट्टी न वाजवणं. ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्याच संघाला पुढे चांगली संधी मिळत असेल तर खेळ चालू ठेवायचा, दोन-तीन सेकंद वाट बघायची, आणि फायदा झालाच नाही तर मागे येऊन फ्री किक द्यायची. मास्तरांना हे जमत नाही. आपली छडी अगोदर चालते.

माझ्या पुस्तिकेत तेव्हा एक शब्द ठायी ठायी होता, 'मुद्दाम'. खेळाडूने मुद्दाम लाथ मारली, मुद्दाम पाडलं, तर फाऊल. म्हणजे पंचाने त्याच्या मनात शिरायचं! १९९५ साली हा शब्द यातून काढून टाकला. आता मनात काय होतं ते विचारायचं नाही, काय केलं आणि कसं केलं ते बघायचं. हाताने बॉल खेळण्याच्या नियमात तेवढा 'मुद्दाम' शिल्लक राहिला, आणि आज सगळ्यांत जास्त भांडणं त्याच एका नियमावरून होतात हा योगायोग नव्हे.

आता माझी गोष्ट.

मे १९८४ मध्ये भिवंडीत काय झालं ते माझ्या वयाच्या लोकांना सांगायला नको. १९७० चीही मी पाहिली होती, पण ८४ नंतर गावात एक वेगळीच गप्पगप्प शांतता होती. यंत्रमागांचा खडखडाट पुन्हा सुरू झाला, दुकानं उघडली, पण माणसं एकमेकांकडे बघताना नजर चोरत. पुढच्या वर्षीच्या पावसाळ्यात आमची शाळा आणि एक उर्दू शाळा यांचा मैत्रीचा सामना ठरवला. मुलांनी एकत्र खेळावं, एवढाच हेतू. पंच मी. एका बाजूचे लाईन्समन त्यांच्या शाळेचे एक शिक्षक.

सामना बरोबरीत होता. दुसऱ्या डावात त्यांच्या बाजूने ओरडा झाला म्हणून मी वळलो, तर त्यांच्या एका मुलाने आमच्या मुलाच्या पोटरीवर सणसणीत लाथ मारलेली मी स्वच्छ पाहिली. बॉल तिथे नव्हताच. शिट्टी वाजवली, खिशातून लाल कार्ड काढलं. चौदा-पंधरा वर्षांचा पोरगा, गुडघ्यापर्यंत चिखल. तो काही बोलला नाही. फक्त लाईन्समनकडे बघत राहिला.

त्या शिक्षकांचं निशाण वर होतं. मी शिट्टी वाजवण्याच्याही आधीपासून वर होतं. ते जवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "मास्टरसाब, पहले आपके लडके ने मारा."

नियम असा आहे की खेळ पुन्हा सुरू होईपर्यंत पंचाला आपला निर्णय बदलता येतो. पुस्तिकेतलं ते वाक्य मला पाठ होतं. माझ्याकडे चांगला अर्धा मिनिट होता. दोन्ही शाळा बघत होत्या. आणि माझ्या मनात आलं ते असं की हे तर त्यांच्याच मुलाची बाजू घेणार. मी म्हटलं, "मी पाहिलं ते पाहिलं," आणि फ्री किक आमच्या संघाला दिली.

आज मांडून बघतो. त्या मुलाचं लाल कार्ड चुकीचं नव्हतं. राग आला म्हणून लाथ मारायची नसते, आधी कुणीही मारलेलं असो. चुकीचं होतं ते एकट्यालाच देणं. आमच्या मुलालाही तेच कार्ड मिळायला हवं होतं, आणि पहिला गुन्हा आमचा, म्हणून फ्री किक त्यांची. मी दुसरी लाथ पाहिली, पहिली पाहिली नाही. ही झाली डोळ्यांची चूक, ती प्रत्येक पंचाची होते. पण ज्याने पहिली पाहिली त्याचं मी ऐकलं नाही, ती डोळ्यांची नव्हती. आणखी एक गोष्ट कबूल करायला हवी. त्या दिवशी सुरुवातीपासून माझी नजर कुणाच्या पायांकडे जास्त होती, हे मला माहीत आहे.

'मुद्दाम' शब्दाचा हाच धोका असावा. मनातलं दिसत नाही, मग आपण माणसाकडे बघून ठरवतो. हा तसलाच, म्हणून मुद्दाम. तो आपला, म्हणून चुकून.

गंमत बघा, फुटबॉलला कार्डं दिली ती एका मास्तरानेच. इंग्लंडचे केन ॲस्टन शाळेत शिकवत. १९६२ च्या विश्वचषकात चिली विरुद्ध इटली या सामन्याचे ते पंच होते. इतकी मारामारी झाली की पोलिसांना मैदानात यावं लागलं. त्यांनी इटलीचे दोन खेळाडू बाहेर काढले, पण चिलीच्या सांचेझने मारलेला ठोसा मात्र विनाशिक्षा सुटला. तो चित्रफितीत साऱ्या जगाने पाहिला. पुढे १९६६ मध्ये इंग्लंड-अर्जेंटिना सामन्यात कुणाला ताकीद मिळाली हे खेळाडूंनाच नीट कळलं नाही. त्यानंतर गाडीने जाताना सिग्नलचे पिवळे-लाल दिवे बघून ॲस्टनना कार्डांची कल्पना सुचली आणि १९७० च्या मेक्सिकोतल्या विश्वचषकात ती आली. चूक झाल्यावर माणूस गप्प बसू शकतो किंवा पुढच्यांसाठी काही करू शकतो. ॲस्टननी दुसरं केलं.

आणि दुसरे मास्तर, अर्जेंटिनाचे होरासिओ एलिझोंदो. हे शारीरिक शिक्षणाचे शिक्षक. २००६ च्या अंतिम सामन्यात झिदानने मातेराझीच्या छातीवर डोकं मारलं, ते आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. एलिझोंदोंनी ते पाहिलंच नव्हतं! मातेराझी जमिनीवर दिसला तेव्हा त्यांनी सहकाऱ्यांना विचारलं, आणि चौथ्या पंचाने कानातल्या यंत्रावर सांगितल्यावर त्यांनी जगातल्या सगळ्यांत मोठ्या खेळाडूला लाल कार्ड दाखवलं. त्या दिवशी घरात सगळे झिदानसाठी हळहळत होते. मी मात्र पंचाकडे बघत होतो. त्यांनी स्वतः पाहिलं नव्हतं, पण ऐकलं. एवढंच तर करायचं असतं.

२० डिसेंबर २०२३ ला अंधेरीत मुंबई सिटी आणि मोहन बागान यांच्या सामन्यात सात लाल कार्डं निघाली. चार मुंबईची, तीन बागानची. नातू आनंदाने मोजत होता. दुसऱ्या दिवशी जो तो पंचाला नावं ठेवत होता. तो बरोबर की चूक यात मी पडत नाही. मला एवढंच कळतं की कार्ड खिशातून काढणं सोपं असतं, आणि कार्ड मिळालेल्याला तेच दुसऱ्यालाही मिळालं असतं असं वाटणं, हे कठीण. तो विश्वास एकदा गेला की मग कितीही कार्डं काढा.

आता व्हीएआर आलं आहे. पडद्यावर पहिली लाथही दिसते आणि दुसरीही. चांगलंच आहे. पण पडदा बघायला जाण्याआधी माणसाला वाटावं लागतं की आपलं चुकलं असेल. ते यंत्र ज्याचं त्याच्याकडेच असतं.

वर्गातही मी पस्तीस वर्षं पंचच होतो. मागच्या बाकावरून आवाज आला की उभा कोण राहणार हे माझं बहुतेक आधीच ठरलेलं असे. फुटबॉलच्या पंचाला निदान केलेल्या कृतीवर बोलायचं बंधन असतं. कार्ड त्या लाथेला असतं, मुलाला नसतं. आम्ही मास्तर लोक मुलालाच कार्ड देत होतो, आणि ते दहावीपर्यंत पुसलं जात नसे. घरात सुना-जावयांच्या बाबतीत, शेजाऱ्यांच्या बाबतीत आपण वेगळं काय करतो?

तो मुलगा पुढे मला कधी भेटला नाही. आज तो पन्नाशी ओलांडलेला असेल. त्या शिक्षकांची आणि माझी पुढे बऱ्याचदा बाजारात गाठ पडली. ते नेहमी सलाम करत, मी नमस्कार करत असे. तो विषय त्यांनी कधी काढला नाही. मीही नाही. आता ते नाहीत.

खेळ पुन्हा सुरू झाल्यावर निर्णय बदलता येत नाही, हेही त्याच पुस्तिकेत आहे. पण सामना संपल्यावर पंचाने अहवाल लिहायचा असतो, जे जे घडलं ते. तो मी तेव्हा अर्धाच लिहिला होता. उरलेला आज लिहिला.

नातवाला संध्याकाळी वाचून दाखवला. तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "आबा, म्हणजे परवाची पेनल्टी बरोबर होती?"

म्हटलं, "होती. पुढच्या रविवारी त्या पोराला जाऊन सांगू या."